आठवड्याच्या आत

प्रचारक म्हणजे पाळक नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पाळकाला दीक्षा असते, पांढरा झगा असतो, त्याच्या हातून बाप्तिस्मा होतो आणि लग्न लागतं. प्रचारकाला सायकल असते. मी एकतीस वर्षं धार आणि देवास या दोन जिल्ह्यांतल्या आमच्या मंडळीचा प्रचारक होतो. पहिली चौदा वर्षं सायकल, पुढे एक जुनी मोपेड, आणि बदनावर, बागली, लोहारदा अशा लांबच्या गावांना बस. मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं मिळून. माणसं थोडी आणि गावं लांब लांब, म्हणून पाळक एकच आणि त्याच्या हाताखाली मी.

बाहेरच्या लोकांना प्रचारक म्हटलं की वाटतं, हा धर्माचा प्रचार करत हिंडतो. मी एकतीस वर्षांत एकाही परक्या माणसाला ख्रिस्ती केलं नाही. असलेल्या ख्रिस्ती माणसांना एकमेकांशी बोलतं ठेवता ठेवताच माझा दम निघाला.

माझे आजोबा नगरकडून इकडे माळव्यात एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले. आमच्या घरात मराठी, गल्लीत भावाला भिया म्हणणारी माळवी, उपासना हिंदीत आणि गाणी मात्र मराठीत, असा कारभार. आता तरुण पोरांना मराठी येत नाही, अक्षरं हिंदीसारखीच म्हणून ती गाणी अंदाजानं वाचत म्हणतात आणि मोठमोठ्या शब्दांपाशी नुसते ओठ हलवतात. मला राग येत नाही. म्हणतात तरी.

या अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला की नाताळचा अंक आहे, कामाच्या आठवणी लिहा, पण थोडं उभारी देणारं असू द्या. प्रयत्न करतो. माझ्याकडे त्या मालाचा साठा कमी आहे.

माझं खरं काम चिठ्ठीचं होतं. आमच्याकडे वर्षातून चारदा प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, सगळ्यांनी एकत्र घ्यायचा. पण त्याआधी मनं साफ हवीत. शेजाऱ्याशी अबोला धरून देवाच्या मेजाशी बसायचं नाही, ही आमच्याकडची जुनी शिस्त. म्हणून प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात मी घरोघर जायचो आणि प्रत्येक मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारायचो, "मनात कोणाविषयी काही आहे का?" नाही म्हणाला तर तळहाताएवढ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर त्याचं नाव लिहून द्यायचो. आहे म्हणाला तर आधी समेट, मग चिठ्ठी. रविवारी उपासनेत पितळेचं तबक फिरायचं, त्यात चिठ्ठी टाकायची आणि मग भाकरी घ्यायची. दुपारी मी एकटा बसून चिठ्ठ्या वहीतल्या नावांशी ताडून पाहायचो आणि आलेल्या नावापुढे टिक करायचो.

मला हे काम माझ्या आधीच्या म्हाताऱ्या प्रचारकांनी शिकवलं. त्यांनी दोन नेम घालून दिले. पहिला, प्रश्न एकट्याला विचारायचा. नवऱ्यासमोर बायकोला नाही, बापासमोर मुलाला नाही. दुसरा, चिठ्ठी घेऊन गेलेल्याची चिठ्ठी तबकात आली नाही तर आठवड्याच्या आत त्याच्या घरी जायचं. ते म्हणाले होते, "लूकस, न घेणारा माणूस रागावलेला असतो. घेऊन न टाकणारा माणूस तुला बोलावत असतो. तोंडानं बोलवायची सोय नसेल त्याला." हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नव्हतं. माझा मात्र त्यावर बायबलाइतकाच विश्वास होता.

एकेक गिऱ्हाईक काय भेटायचं! लोहारद्याच्या रूथ आजींना प्रश्न विचारला की त्या पदर खोचून यादीच सुरू करत. सून, सुनेची आई, पिठाच्या गिरणीवाला, आणि बावीस वर्षांपूर्वी वारलेला नवरा. "नवऱ्याशी तुमचा समेट कसा करू, आजी?" म्हटलं तर म्हणायच्या, "तो माझा प्रश्न नाही, तू पगार घेतोस." बागलीच्या दोन भावांचा पेरूच्या झाडावरून अबोला होता. झाड एकाच्या अंगणात, पेरू दुसऱ्याच्या छपरावर. मी दोघांना त्याच झाडाखाली बसवून तीन तास पेरू खायला लावले. समेट झाला, तिघांचीही पोटं बिघडली, आणि प्रभुभोजनाला दोघेही आले नाहीत. धारला एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्या अकरा वर्षं दर वेळी शांतपणे सांगत, "मनात आहे. चिठ्ठी नको." काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मी खोदून विचारलं नाही. चहा मात्र दर वेळी आल्याचा मिळायचा. मंडळीत सगळ्यात खरं बोलणारी बाई तीच, असं मी घरी बायकोला, शांताला, म्हणायचो.

आणि याकोब शिंपी. धारचाच. एका पावसाळ्यानंतरच्या प्रभुभोजनाला त्याची चिठ्ठी तबकात आली नाही. माणूस हसतमुख, चिठ्ठी माझ्याच हातून घेतलेली. दुसऱ्याच दिवशी गेलो. दुकान बंद, घर उघडं, हा खाटेवर बसलेला. मी प्रश्न विचारला. मग त्यानं खाटेखालून सोयाबीनवर मारायच्या औषधाची बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "भिया, तुम आ गये, तो अब ये ले जाओ," एवढंच म्हणाला. मी दिवे लागेपर्यंत त्याच्याजवळ बसलो आणि बाटली पिशवीतून घेऊन आलो. याकोब अजून आहे. माझ्या नातवाला शर्ट शिवून पाठवतो.

हे मुद्दाम सांगितलं. न आलेल्या चिठ्ठीचा अर्थ मला ठाऊक नव्हता, असं पुढे कोणी माझ्या वतीनं म्हणू नये.

आता सुवार्ताचं सांगतो.

सुवार्ता म्हणजे देवासच्या दाविदची एकुलती मुलगी. दाविद कारखान्यात फिटर होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सुवार्ताला मी पाळण्यात पाहिलं होतं, तिचं लग्न बदनावरच्या अनिलशी झालं तेव्हा पहिलं गाणं मीच धरलं होतं. अनिल शाळेत शिक्षक. त्याचे वडील दानियेलसाहेब आमच्या वडीलवर्गाचे प्रमुख. वडीलवर्ग म्हणजे मंडळीचा कारभार पाहायला निवडलेली पाच-सहा वडीलधारी माणसं. दानियेलसाहेबांचा दरारा मोठा होता. बदनावरची सतरा घरं त्यांच्या शब्दावर उठायची आणि बसायची. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलाच्या आजारपणात ते दोन रात्री दवाखान्यात बाकावर झोपले होते. म्हणूनच सगळं अवघड झालं.

लग्नाला चार वर्षं झाली आणि सुवार्ता देवासला बापाकडे निघून आली. अनिल मारतो, असं तिनं आईबापाला सांगितलं. मंडळीत नेहमीचंच सुरू झालं. एक म्हणे संसारात भांड्याला भांडं लागतंच, दुसरा म्हणे पोरगी शिकलेली आहे ना, तिखट असणार. सहा महिने गेले. तेवढ्यात पुनरुत्थानाच्या सणाचं, म्हणजे ईस्टरचं, प्रभुभोजन आलं. त्या वर्षी धारच्या चर्चची दुरुस्ती पुरी झाली होती आणि त्याच दिवशी उद्घाटनही ठरलं होतं. बाहेरून पाहुणे यायचे होते. आणि वडीलवर्गाच्या प्रमुखाचीच सून माहेरी बसलेली.

पाळकसाहेबांनी मला बोलावलं. ते वयानं माझ्यापेक्षा लहान, स्वभावानं मऊ. म्हणाले, "लूकसभाई, समझौता करवा दीजिए. नहीं तो बदनावरवाले अलग हो जाएंगे. मंडली टूट जाएगी." मी म्हटलं, पोरीला मार बसतो. ते म्हणाले, "आपने देखा है?" मी पाहिलं नव्हतं.

माझं मत काय होतं? माझं मत स्वच्छ होतं. पोरगी खरं बोलते आहे आणि तिला परत पाठवू नये. हे मी शांताला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "मग हे मला काय सांगता? तिथे सांगा." मी म्हटलं, अगं, सतरा घरं आहेत. माझ्या गुरूंनी ती मंडळी पायी हिंडून सांभाळली, माझ्या एका मतासाठी ती फुटू द्यायची का? शांता ताट उचलून आत गेली. आपल्या मतापेक्षा सगळ्यांचं एकत्र राहणं मोठं, असं मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवत आलो होतो. पेरूच्या झाडाबाबत ते बरोबरच होतं.

शनिवारी सकाळी आम्ही देवासला दाविदच्या घरी जमलो. मी, पाळकसाहेब, दानियेलसाहेब आणि अनिल. अनिलनं पांढरा शर्ट घातला होता आणि सासूसाठी केळी आणली होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. अनिल म्हणाला, माझ्याकडून चुका झाल्या, मी क्षमा मागतो. स्वच्छ, एका दमात म्हणाला, वर्गात धडा वाचावा तसं. दाविद खाली मान घालून बसला होता. सुवार्ता दाराच्या चौकटीपाशी उभी होती आणि कोणी बोललं की मान वळवून उजवा कान पुढे करत होती. लहानपणी ती असं करत नव्हती. मी पाहिलं. प्रश्न विचारायचाच मला पगार मिळायचा, आणि मी विचारलं नाही.

दानियेलसाहेब म्हणाले, "लूकस, पूछ लो अब. सबके सामने पूछ लो, साफ हो जाए."

सगळ्यांसमोर. माझा पहिला नेम तिथेच मोडला. मी अनिलला विचारलं, मनात काही आहे का? नाही. चिठ्ठी लिहिली. मग सुवार्ताकडे वळलो. ती म्हणाली, "काका, जरा आत येता? चहा गाळायचाय."

आत स्वयंपाकघरात चहा गाळून झालेला होता, कपही भरलेले होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, राग नाहीये माझ्या मनात. तो गेला. भीती आहे. मनात भीती असली तर चिठ्ठी मिळते का?"

मी तिला उत्तर दिलं. "मिळते बाळा. भीती म्हणजे पाप नव्हे."

उत्तर अगदी बरोबर होतं. कुठल्याही पाळकाला विचारा, तो हेच सांगेल. बाहेर चार माणसं चहाची वाट पाहत होती, बदनावरची बस दीडला होती, आणि ही पोरगी मला विचारत होती की मला परत पाठवणार का. ते मला समजलं होतं. मी चिठ्ठीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळा झालो. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे उचलला. बाहेर येऊन मी तिचं नाव चिठ्ठीवर लिहिलं, दोघांचे हात हातात दिले, आणि दानियेलसाहेबांनी मला मिठी मारली. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. बसपर्यंत तिची बॅग मीच उचलून नेली. खिडकीतून ती आईकडे पाहत होती, बाप स्टॅंडवर आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी धारला रंग दिलेल्या चर्चमध्ये सतरा घरं, पाहुणे, हारतुरे, सगळं यथासांग झालं. तबक फिरलं. मी बाजूच्या बाकावरून पाहत होतो. अनिलनं चिठ्ठी टाकली, भाकरी घेतली. सुवार्तानं तबक दोन्ही हातांनी घेतलं, काही न टाकता पलीकडच्या बाईकडे दिलं, आणि मान वर करून नेमकं माझ्याकडे पाहिलं. भाकरीची थाळी आली, तीही तिनं तशीच पुढे दिली. बाजूला बसलेल्या नवऱ्याचे डोळे मिटलेले होते.

दुपारी चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. एक कमी. सुवार्ता.

आठवड्याच्या आत जायचं होतं. धारहून बदनावर म्हणजे बसनं दीड तास. सोमवारी बागलीला एकाची माती होती, तिथे जाणं भाग होतं. त्यात एक दिवस आणि परत येण्यात दुसरा गेला. बुधवारी अंग दुखत होतं. गुरुवारी निघालो, स्टॅंडवर पोचलो, बस उभी होती. कंडक्टर ओळखीचा. "आओ भिया, सीट रखूं?" म्हणाला. मी म्हटलं, आज नको. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे सुवार्ता नव्हती, दानियेलसाहेबांची मिठी होती. बदनावरला जाऊन मी तिला विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं. सांगितल्यावर मला तिला तिथून घेऊन यावं लागलं असतं. मग समेट मोडला असता, सतरा घरं गेली असती, आणि मंडळी जोडणारा म्हणून चार दिवसांपूर्वी ज्याचं कौतुक झालं तोच ती तोडणारा ठरला असता. मी घरी आलो आणि वहीत तिच्या नावापुढे टिक केली. म्हणजे चिठ्ठी आली, असं. एकतीस वर्षांतली माझी ती एकच खोटी टिक.

शनिवार गेला. आठवडा संपला.

त्यापुढच्या शुक्रवारी सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. सुवार्ता जिन्यावरून पडली आणि गेली.

दाविदनं पोलिसांत तक्रार केली. चौकशी झाली. पाहणारं कोणी नव्हतं, शेजाऱ्यांनी काही ऐकलं नव्हतं, आणि जिना खरोखरच अरुंद होता. त्यातून काही निष्पन्न झालं नाही. तिनं पूर्वी मार खाल्ल्याचं कुठे लिहिलेलं आहे का, असं दाविदला विचारण्यात आलं. कुठेच नव्हतं. उलट दोन आठवड्यांपूर्वीच आपखुशीनं समेट झाला, याचे साक्षीदार होते. पाळक, वडीलवर्गाचे प्रमुख आणि मी. प्रभुभोजनाच्या वहीत तिच्या नावापुढे टिक होती. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, टिक खोटी आहे, तिनं चिठ्ठी टाकली नव्हती. विचारणाऱ्याला चिठ्ठी म्हणजे काय हेच कळेना. समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "तो इससे क्या साबित होता है?" कशानंच काही साबित होत नव्हतं.

दाविदनं मुलीला देवासला आणून पुरलं. माती टाकून लोक पांगले, तेव्हा तो माझ्यापाशी आला. रडत नव्हता. हातांना माती तशीच होती.

"भिया, तू गेला होतास ना बदनावरला?"

मी त्याच्या हातांवरच्या मातीकडे पाहिलं.

"प्रभुभोजनाच्या रविवारी तिचा फोन आला होता. हळू बोलत होती. म्हणाली, बाबा, मी चिठ्ठी टाकली नाही. आता लूकसकाका येतील विचारायला, त्यांचा नेम आहे. ते आले की मी त्यांच्याबरोबर येते. मी म्हटलं, मी येऊ का न्यायला? तर म्हणाली, नको, तुम्ही आलात तर भांडण होईल. काका आले तर कोणी काही म्हणणार नाही." त्यानं बायकोकडे पाहिलं. "म्हणून मी गेलो नाही. तू जाशील म्हणून."

मी म्हटलं, "दाविद, मी गेलो नाही."

त्यानं मान हलवली आणि बायकोला घेऊन निघून गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. पुढच्या प्रभुभोजनाच्या आठवड्यात मी बदनावरला गेलो. तेव्हा बस मिळाली, अंगही दुखलं नाही. अनिलला प्रश्न विचारला. तो म्हणाला, मनात काही नाही. मी म्हटलं, माझ्या मनात आहे, मी तुला चिठ्ठी देणार नाही. दानियेलसाहेब आतून बाहेर आले. "तू कौन होता है?" म्हणाले. प्रश्न योग्य होता. आधी माझं मत गिळून मी एका पोरीला परत पाठवलं होतं, आणि आता त्याच मतासाठी छाती काढून उभा होतो, जेव्हा त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

वडीलवर्गाची बैठक झाली. त्यात पुरावा नसताना एखाद्याला मेजापासून दूर ठेवता येत नाही, हे सगळ्यांना पटलं. आणि असले अधिकार एका प्रचारकाच्या हाती असणंच बरं नाही, हेही पटलं. चिठ्ठीची पद्धत त्याच बैठकीत बंद झाली. आता प्रभुभोजनाची सूचना फोनवरच्या ग्रुपवर येते. ज्याला यायचं तो येतो, कोणी कोणाला काही विचारत नाही. भांडणं कमी झाली, असं पाळकसाहेब म्हणतात. पितळेचं तबक आता फुलं ठेवायला वापरतात.

मी राजीनामा दिला. त्यांनी निरोप समारंभ केला, शाल दिली. मंडळी काही फुटली नाही. सतरा घरं आहेत तशी आहेत, आता वीस झाली असतील.

आम्ही देवासला राहायला आलो. शांतानं मला त्या गुरुवारबद्दल कधी टोकलं नाही. फक्त एकदा, भाजी निवडता निवडता, म्हणाली, "तुम्हाला जायचं नव्हतं तर मला सांगायचं. मी गेले असते." ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. प्रचारक मी होतो ना.

देवासच्या चर्चमध्ये मी दर रविवारी जातो. गाणी म्हणतो, हिंदी प्रवचन ऐकतो. प्रभुभोजनाची थाळी आली की हात न लावता पुढे देतो. सुरुवातीला लोकांना वाटलं, साखरेचा आजार असेल. आता कोणाला काही वाटत नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी मी तो आख्खा आठवडा घरीच थांबलो. बाजारात गेलो नाही, दुपारी झोपलो नाही. दारात चप्पल वाजली की उठून बसायचो. विचारायला कोण येणार होतं? नेम पाळणारा मीच होतो, आणि नेम बंद झाला होता. सोमवार, मंगळवार, बुधवार. जिन्यावर प्रत्येक पाऊल वाजताना सुवार्तानं कसं ऐकलं असेल, एका कानानं, ते मला त्या आठवड्यात कळलं. तिनं बारा दिवस ऐकलं.

शनिवारी संध्याकाळी दार वाजलं. दाविद उभा होता. माती दिली त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो. चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर बसतो, मी मागच्या. तो आत आला नाही, चप्पलही काढली नाही. उंबऱ्याबाहेरूनच त्यानं विचारलं, "लूकस भिया, मनात काही आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

"मग राहू दे," तो म्हणाला. "जाऊ देऊ नकोस."

शांता चहाचं विचारायला बाहेर आली, तोवर तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.

याला आता सहा वर्षं झाली. वर्षातून चार प्रभुभोजनं होतात, चारही वेळा मी थाळी पुढे देतो, आणि चारही वेळा दाविद येतो. तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि तो परत जातो. मागच्या पावसाळ्यात त्याला ताप होता, गल्लीत गुडघाभर पाणी होतं, तरी काठी टेकत आला. कधी सोमवारी येतो, कधी शनिवारी. पण आठवड्याच्या आत येतो. अजून एकदाही चुकलेला नाही.